नेपच्यूनपलीकडचा ‘ब्रह्मा’ मांडणारे हेडमास्तर

१३ मार्च १९३० रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील लॉवेल वेधशाळेने जगाला एक बातमी दिली. नेपच्यूनच्या पलीकडे नवा ग्रह सापडला होता. क्लाइड टॉम्बॉ या २४ वर्षांच्या सहायकाने आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन छायाचित्र-काचा ताडून पाहिल्या होत्या. हजारो ठिपके जागच्या जागी होते, एक मात्र किंचित सरकला होता. तोच पुढे प्लूटो ठरला.

त्या दिवसांत विजापुरात व्यंकटेश बापूजी केतकर हे ७६ वर्षांचे निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांनी १९ वर्षे आधी, १९११ मध्ये, फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत एक लेख छापून आणला होता. नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यात मांडले होते. पहिल्याला त्यांनी ब्रह्मा म्हटले आणि दुसऱ्याला विष्णू. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट दूर असेल आणि २४२.२८ वर्षांत एक फेरी पूर्ण करील, असा त्यांचा हिशेब होता. प्लूटोचे मोजमाप झाले तेव्हा अंतर निघाले सुमारे ३९.५ पट आणि फेरीचा काळ २४८ वर्षे. लॉवेलच्या बातमीनंतर पाच महिन्यांच्या आतच, ३ ऑगस्ट १९३० रोजी, विजापुरातच केतकरांचे निधन झाले.

महाराष्ट्राला केतकर माहीत आहेत ते पंचांगामुळे. (ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या नावामुळे अनेकांचा गोंधळ होतो; त्यांचे वडील वेगळे, हे व्यंकटेश वेगळे.) पंचांगाचे गणित आणि नेपच्यूनपलीकडचा ग्रह ही दोन कामे वरवर पाहता एकमेकांपासून फार लांबची वाटतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच सवय होती: कागदावरचा आकडा आकाशाशी जुळतो का, हे पाहण्याची.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंदचा. आज हे गाव कर्नाटकात आहे. तेव्हा तो दक्षिणी मराठा मुलूख होता; कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखिंडी, मुधोळ या संस्थानांच्या माळेतले नरगुंद हे एक छोटे संस्थान. व्यंकटेश चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, नरगुंदचे बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले आणि बेळगावात फासावर गेले. संस्थान खालसा झाले. घरात मात्र विद्या शिल्लक होती. वडील बापूशास्त्री ज्योतिषाचे जाणकार होते. सिद्धान्त, करणग्रंथ, अहर्गण, मंदफल, शीघ्रफल हे सारे मुलाने वडिलांकडून घेतले आणि इंग्रजी शाळेतून नवे गणित घेतले. मॅट्रिकनंतर कॉलेज झाले नाही. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात ते मास्तर झाले आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तरपद त्यांच्याकडे आले.

बागलकोट घटप्रभेच्या काठावर. आपल्या पंचगंगेचे पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि पुढे ज्या अलमट्टीच्या फुगवट्याकडे जाते, त्याच फुगवट्यात जुन्या बागलकोटचा काही भाग बुडाला. पावसाळा आला की कोल्हापूरकरांना जिची आठवण होते, ती ही अलमट्टी. सांगायचा मुद्दा असा की हे मुंबई-पुण्याचे विद्यापीठीय जग नव्हते. जवळपास वेधशाळा नव्हती, ग्रंथालयही नव्हते. होती ती शाळेची नोकरी, टपालाने मागवलेली पुस्तके आणि हाताने करायचे गणित.

त्या काळी महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांचा आधार एकच होता, गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’. हा ग्रंथ १५२० चा. कोकणातल्या नांदगावच्या या गणितज्ञाने ज्या आणि कोज्या यांची कटकट टाळून ग्रह काढण्याची इतकी सुटसुटीत रीत बसवली की जोशीबुवांना गुणाकार-भागाकार आला की पंचांग करता येऊ लागले. ग्रंथ चांगला होता, म्हणून तर तो साडेतीनशे वर्षे चालला. पण नेमके तेच त्याच्या अंगाशी आले. ग्रहाची गती वर्षाला कलेचा एक अंश इतकी जरी चुकली, तरी चूक साठत जाते. वर्षाला एक कला चूक धरली तर साडेतीनशे वर्षांत जवळजवळ सहा अंश होतात. म्हणजे पौर्णिमेचे बारा चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढे अंतर. पंचांगात गुरू जिथे लिहिलेला, तिथे तो दिसेना. ग्रहणाची वेळ पुढेमागे होऊ लागली, आणि ग्रहण ही गोष्ट अशी की ती अंगणात उभ्या असलेल्या पोरालाही पडताळता येते.

चंद्राचे दुखणे आणखी वेगळे. जुन्या रीतीत चंद्राच्या मध्यम गतीला एकच मोठी दुरुस्ती दिली जाई. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या चालीत होणारे बाकीचे फेरफार त्यात येत नसत. अमावास्या-पौर्णिमेला हिशेब बरा जमे. अष्टमीच्या आसपास चंद्र दोन-अडीच अंशांनी चुकू शकत असे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले बारा अंशांचे अंतर. अडीच अंश चुकले म्हणजे तिथी संपण्याची वेळ पाच तासांनी चुकली. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

या बिघाडावर हात घालणारे केतकर पहिले नव्हेत. केरूनाना छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली होती आणि तिच्या आधारावर पटवर्धनी पंचांग निघू लागले होते. केतकरांचेच समवयस्क, मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहीत होते. १८९६ मध्ये निघालेल्या त्या ग्रंथात केतकरांच्या कामाची नोंद आहे. पण केतकरांनी काम हाती घेतले ते मुळापासून. इंग्रजांचे नाविक पंचांग ज्या गणितावर चाले, ते ग्रहांसाठी फ्रेंच लव्हेरिए यांचे आणि चंद्रासाठी हान्सेन यांचे. हे गणित समजून घेऊन त्यांनी ते संस्कृत श्लोकांत आणि कोष्टकांत उतरवले. हा त्यांचा ‘ज्योतिर्गणित’ ग्रंथ.

संस्कृतात का, हा प्रश्न आज पडेल. इंग्रजीत लिहिले असते तर जोशांनी वाचले नसते, आणि मराठीत लिहिले असते तर काशी आणि द्रविड देशातल्या पंडितांनी उघडून पाहिले नसते. ज्याने पंचांग करायचे, त्याच्या हाती त्याच्या ओळखीच्या भाषेत आणि ओळखीच्या रीतीने नवे गणित द्यावे, असा हा व्यवहारी विचार होता. पुढे ‘केतकी ग्रहगणित’ लिहिताना त्यांनी ‘ग्रहलाघवा’सारखीच सुटसुटीत मांडणी ठेवली, फक्त आतले आकडे नवे. ‘वैजयंती’ हा ग्रंथ पंचांगाच्या अंगांसाठी आणि ‘नक्षत्रविज्ञान’ तारे ओळखण्यासाठी.

विरोध झाला, आणि तो नुसता अडाणीपणाचा नव्हता. धर्मशास्त्रात तिथीबद्दल एक जुना नियम आहे, बाणवृद्धी रसक्षय. साठ घटिकांची तिथी वाढली तर पाच घटिका वाढते, घटली तर सहा घटते. म्हणजे ६५ पासून ५४ पर्यंत. श्राद्ध, व्रते, पारणे यांचे निर्णय या चौकटीत बसवलेले. नव्या गणिताने चंद्राचे सगळे फेरफार धरले तर तिथी ६७ घटिकांपर्यंत लांबते आणि ५० पर्यंत आखडते. म्हणजे सप्तवृद्धी दशक्षय. शास्त्री मंडळींचे म्हणणे असे की निर्णयग्रंथच कोलमडतील. आकाश खरे की ग्रंथ, असा हा सरळ प्रश्न होता, आणि ज्यांना उत्तर द्यायचे होते त्यांच्या पोटापाण्याचाही तो प्रश्न होता.

त्यातून दुसरे भांडण निघाले, ते राशिचक्राच्या आरंभाचे. कोल्हापूरच्या वाचकाला हे किरणोत्सवावरून पटकन समजेल. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणे महाद्वारातून देवीपर्यंत पोहोचतात ती नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो, म्हणून हे दोन सोहळे. ही गोष्ट ऋतूंच्या वर्षाशी बांधलेली आहे, म्हणून इंग्रजी तारखा बदलत नाहीत. आपली मकरसंक्रांत मात्र ताऱ्यांच्या वर्षाशी बांधलेली, आणि ती हळूहळू पुढे सरकते. ऋतूंचे चक्र आणि ताऱ्यांचे चक्र यांत आज जे अंतर पडले आहे, ते म्हणजे अयनांश. हे अंतर किती, हे राशिचक्र कोणत्या बिंदूपासून मोजता यावर ठरते.

एक पक्ष म्हणे, रेवती नक्षत्रातल्या झीटा पिशियम या ताऱ्यापासून मोजा. दुसरा म्हणे, चित्रा तारा बरोबर समोर, १८० अंशांवर, धरा आणि त्यावरून आरंभ ठरवा. दोन्हींच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. एका पंचांगात संक्रांत १० जानेवारीला, दुसऱ्यात १४ ला. अधिक महिना वेगळा धरला गेला की दिवाळीतसुद्धा महिन्याचा फरक. लोकमान्य टिळकांचा कौल रेवतीकडे होता आणि टिळक पंचांग आजही त्याच मार्गाने चालते. केतकरांनीही ‘ज्योतिर्गणिता’त रेवतीच धरली होती. नंतर त्यांनी मत बदलले आणि चित्रेचा पक्ष घेतला. रेवतीचा तो तारा इतका मंद की गावातल्या दिव्यांच्या उजेडात सापडणे कठीण. चित्रा कोणालाही बोटाने दाखवता येते. शिवाय चित्रेवरून मोजले तर लोकांच्या चालू पंचांगातल्या संक्रांती फारशा हलत नाहीत. छापून बसलेले स्वतःचे मत मोडणे सोपे नसते, विशेषतः समोर टिळकांसारखा माणूस असताना.

मुंबईत १९०४ मध्ये आणि सांगलीत १९२० मध्ये पंचांगाच्या परिषदा भरल्या. वाद मिटला नाही. तो मिटवला स्वतंत्र भारताच्या सरकारने. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, १९५७ मध्ये राष्ट्रीय पंचांग सुरू झाले, आणि त्याचे अयनांश चित्रापक्षाचे आहेत. आज बाजारातली बहुतेक मराठी पंचांगे आणि भिंतीवरची कॅलेंडरे त्याच बाजूची. तोपर्यंत केतकरांना जाऊन पाव शतक झाले होते.

आता १९११ चा लेख. पंचांगासाठी ग्रहांच्या गती वर्षानुवर्षे घोटणाऱ्या माणसाला आकड्यांतले नाते दिसू लागते. गुरूच्या चंद्रांत असे एक नाते लाप्लासने शोधले होते. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या फेऱ्यांना अनुक्रमे पावणेदोन, साडेतीन आणि सात दिवस लागतात. प्रत्येकाचा काळ आधीच्याच्या साधारण दुप्पट. गती घेतल्या तर पहिल्याची गती आणि तिसऱ्याच्या गतीची दुप्पट यांची बेरीज दुसऱ्याच्या गतीच्या बरोबर तिप्पट भरते. तिघे एकमेकांच्या ओढीने या तालात अडकले आहेत. केतकरांनी विचारले, युरेनस आणि नेपच्यूनही अशाच एखाद्या साखळीतले पहिले दोन असतील तर?

ज्याला हौस असेल त्याने करून पाहावे. युरेनसचा काळ ८४ वर्षे, नेपच्यूनचा १६४.८. युरेनसच्या गतीत तिसऱ्या ग्रहाच्या गतीची तिप्पट मिळवली आणि ती बेरीज नेपच्यूनच्या गतीच्या चौपट भरली पाहिजे अशी अट घातली, तर तिसऱ्याचा काळ २४२ वर्षांच्या घरात येतो. काळ कळला की केपलरच्या नियमाने अंतर कळते. दुर्बीण लागत नाही.

लेख छापणारी संस्था कामील फ्लामारिओं यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेली होती. हौशी निरीक्षकांपासून मोठ्या गणितींपर्यंत सगळ्यांना तिचे दार उघडे होते. तरी लेखामुळे कुणी दुर्बीण रोखली नाही, आणि त्याचे कारण लेखातच होते. केतकरांनी अंतर आणि काळ दिला. ग्रह आकाशात कुठे आहे ते दिले नाही, आणि त्यांच्या रीतीने ते देता येतही नव्हते. लव्हेरिए यांनी १८४६ मध्ये नेपच्यूनची जागा सांगितली होती आणि बर्लिनमध्ये पहिल्याच रात्री तो एका अंशाच्या आत सापडला होता. जागा नसेल तर शोधणाऱ्याने कुठे पाहायचे? विष्णू तर आजवर सापडलेला नाही.

केतकरांनी प्लूटोचे भाकीत केले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. हे वाक्य जपून वापरायला हवे. पर्सिव्हल लॉवेल यांनीही भाकीत केले होते, जागेसकट. त्यांच्याच वेधशाळेत प्लूटो सापडला. पण लॉवेल यांचा ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ सात पट वजनाचा हवा होता, आणि खरा प्लूटो इतका हलका निघाला की युरेनसला हलवणे त्याच्या शक्तीबाहेरचे. त्यांचे भाकीत जुळले तो योगायोग. केतकरांचे गणित निराळ्या वाटेचे होते. युरेनस आणि नेपच्यून अशा साखळीत बांधलेले नाहीत, हे आता माहीत आहे. त्या अर्थी त्यांचाही आकडा योगायोगानेच जवळ आला. पण मूळ कल्पना पोकळ नव्हती. १९६५ मध्ये संगणकावर प्लूटोची कक्षा हजारो वर्षे पुढे चालवून पाहिली तेव्हा दिसले की तो नेपच्यूनशी खरोखरच तालात बांधलेला आहे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या दोन. प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडून आत येतो तरी दोघांची टक्कर होत नाही, ती या तालामुळे. नेपच्यूनपलीकडचा शेजारी गतीच्या साध्या नात्याने नेपच्यूनशी बांधलेला असेल, हे केतकरांचे म्हणणे खरे ठरले. नाते त्यांनी धरले होते त्याहून वेगळे निघाले, इतकेच.

केतकरांनी ब्रह्माचे अंतर आणि काळ सांगितला. तो केवढा असेल, हे गणितातून निघणारे नव्हते. गंमत अशी की प्लूटो प्रत्यक्ष दिसू लागल्यावरही पन्नास वर्षे हे कुणाला नीट सांगता आले नाही. सुरुवातीला त्याला पृथ्वीएवढा धरले. १९५० मध्ये कायपर यांनी पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून त्याचा व्यास ५,९०० किलोमीटर काढला. १९७६ मध्ये त्यावर मिथेनचा बर्फ असल्याचे कळले आणि १९७८ मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला, तेव्हा वजन पृथ्वीच्या साधारण साडेचारशेव्या हिश्शाचे निघाले.

ही अडचण घरच्या अनुभवातली आहे. लांबच्या डोंगरावर एक ठिपका उन्हात चमकतो. तो चुना लावलेला छोटा दगड असेल, किंवा काळ्या पाषाणाची मोठी शिळा असेल. दोन्हींकडून येणारा उजेड सारखा असू शकतो. नुसत्या उजेडावरून आकार ठरत नाही. पृष्ठभाग किती पांढरा, हेही कळावे लागते. ते कसे कळावे? चैत्रातल्या दुपारी पंचगंगेच्या घाटावर अनवाणी उभे राहिले की कळते. काळ्या पायऱ्या चटके देतात, शेजारची चुन्याची भिंत त्या मानाने गार असते. जो दगड उजेड परत फेकत नाही, तो तो पोटात घेतो आणि उष्णता म्हणून बाहेर सोडतो. म्हणून उजेड आणि उष्णता दोन्ही मोजले की दोन समीकरणे होतात आणि दोन्ही अज्ञाते सुटतात: आकार किती आणि पांढरेपणा किती.

प्लूटोवर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे दीड हजाराव्या हिश्शाएवढा पोहोचतो. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २३० अंश. इतक्या थंड वस्तूचीही ऊब असते. फक्त ती डोळ्यांना न दिसणाऱ्या, मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढ्या लांबीच्या लहरींतून बाहेर पडते. आपल्या हवेतली वाफ या लहरी पिऊन टाकते. दुर्बीण स्वतः कोमट असेल तर तिचीच ऊब प्लूटोला बुडवते, म्हणून ती द्रवरूप हेलियमने गार करून अवकाशात न्यावी लागते. १९८३ मधल्या आयरास उपग्रहाने प्लूटोची ऊब पकडली. स्पेनमधल्या ३० मीटरच्या रेडिओ दुर्बिणीने १९८८ मध्ये तीच जमिनीवरून, मिलिमीटर लहरींत मोजली. नंतर आयएसओ उपग्रहाला दिसले की प्लूटो स्वतःभोवती फिरताना त्याची ऊब कमीजास्त होते, आणि साधारण उलट्या क्रमाने: उजळ भाग समोर असतो तेव्हा ऊब कमी, काळपट भाग आला की जास्त. घाटाच्या पायऱ्या आणि चुन्याची भिंत, सूर्यापासून सहाशे कोटी किलोमीटरवर.

या रीतीने प्लूटोच्या शेजाऱ्यांचीही मोजदाद झाली. २८ नोव्हेंबर २००० रोजी नेपच्यूनपलीकडे एक मोठा बर्फाळ गोळा सापडला आणि त्याला नाव मिळाले वरुण. ब्रह्मा आणि विष्णू ही नावे केतकरांच्या लेखातच राहिली होती. त्या थंड प्रदेशात आपल्या देवतांपैकी वरुण पोहोचला. २००१ मध्ये त्याचा उजेड आणि ऊब एकाच वेळी मोजून व्यास सुमारे ९०० किलोमीटर काढला गेला. पुढे हर्शेल अवकाश दुर्बिणीने जास्त नेमके मोजल्यावर तो ७०० च्या आत आला. या दुर्बिणीने २०१३ मध्ये हेलियम संपेपर्यंत अशा शंभरावर गोळ्यांची ऊब घेतली. तिचे नाव ज्यांच्यावरून ठेवले, त्या विल्यम हर्शेल यांनीच १७८१ मध्ये युरेनस शोधला होता आणि १८०० मध्ये रंगपट्टाच्या लाल टोकापलीकडे तापमापी ठेवून न दिसणारी ऊब शोधली होती. केतकरांच्या साखळीची पहिली कडी युरेनसच होती.

ऊब मोजूनही चुका होतात. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस ऊबेवरून ३,००० किलोमीटरचा वाटला, म्हणजे प्लूटोहून बराच मोठा, आणि प्लूटोच्या ग्रहपदावरच्या वादाला त्याने धार आणली. ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटो बटुग्रह ठरला. २०१० मध्ये एरिस एका ताऱ्यावरून गेला, तारा किती वेळ झाकला गेला ते मोजले आणि व्यास निघाला सुमारे २,३२६ किलोमीटर. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेले आणि त्याचा व्यास पक्का झाला: २,३७७ किलोमीटर, आपल्या चंद्रापेक्षाही कमी.

फेरीच्या काळाचा पडताळा मात्र अजून बाकी आहे. प्लूटो सापडल्यापासून त्याची अर्धी फेरीही झालेली नाही. १९३० मध्ये टॉम्बॉ यांनी ज्या ताऱ्यांमध्ये तो पाहिला, तिथे तो पुन्हा येईल २१७८ मध्ये. केतकरांच्या ब्रह्माच्या हिशेबाने तो तिथे २१७२ मध्ये आला असता.